'ग्रीन फॉर डेंजर': एका रंगाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९४४. इंग्लंडच्या ग्रामीण भागात, जुन्या वाड्यात थाटलेलं एक इस्पितळ. बाँबहल्ल्यात जखमी झालेल्या पोस्टमनला ऑपरेशनसाठी टेबलावर घेतात. दुखापत जिवावरची नाही, डॉक्टरही अनुभवी. भूल देतात आणि त्याचा श्वास बिघडू लागतो. भूलतज्ज्ञ ऑक्सिजन वाढवतो. पण जितका वाढवावा तितका रोगी हातचा निसटत जातो.

सिडनी गिलियट यांचा 'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६) हा माझ्या मते ब्रिटिश खूनपटांतला सर्वांत पक्क्या विणीचा चित्रपट. त्यातलं कोडं हवेतून आलेलं नाही. ते त्या काळातल्या माणसांच्या कानांत आणि हातांत होतं, म्हणून तो आजही अंगावर येतो.

आधी कानातलं. १३ जून १९४४ला जर्मनीचा पहिला व्ही-१ बाँब लंडनवर पडला. वैमानिक नसलेलं हे छोटं विमान पोटात जवळजवळ साडेआठशे किलो स्फोटकं घेऊन यायचं. जुनाट मोटारसायकलसारखा त्याचा फटफट आवाज येई. लोकांनी त्याला 'डूडलबग' नाव दिलं. नाकावरचा लहानसा पंखा ठरलेले फेरे फिरला की विमान खाली झुके आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी इंजिन बंद पडे. म्हणजे आवाज येतोय तोवर आपण वाचलो. आवाज थांबला की श्वास रोखून सेकंद मोजायचे. ब्रिटनमध्ये या बाँबनी सुमारे ६ हजार बळी घेतले. चित्रपट आला तेव्हा ही गोष्ट जेमतेम दोन वर्षांपूर्वीची. पडद्यावरचा आवाज थांबल्यावर थिएटरात काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

मूळ कादंबरीत मात्र डूडलबग नाहीत. क्रिस्टियाना ब्रँड यांची ही कादंबरी १९४४ची, त्यातलं इस्पितळ लष्करी आणि हल्ले विमानांचे. ब्रँड यांचा जन्म मलायातला, बालपणाचा काही काळ भारतातला आणि नवरा शल्यविशारद. ऑपरेशन थिएटरमधल्या बारकाव्यांवरची त्यांची पकड बघितली की हा घरोबा जाणवतो. गिलियट आणि पटकथेतले त्यांचे सहलेखक क्लॉड गर्नी यांनी चित्रपटासाठी कथा १९४४च्या उन्हाळ्यात आणली. चित्रण पाइनवूड स्टुडिओत झालं. युद्धकाळात तो सरकारी कामाला जुंपला होता, आणि शांतता आल्यावर तिथे चित्रित झालेला हा पहिला कथापट. इन्स्पेक्टर कॉक्रिलच्या भूमिकेत अ‍ॅलस्टर सिम आहेत. पुढचे अनेक पडद्यावरचे इन्स्पेक्टर त्यांच्यापुढे मला फिके वाटतात.

आता हातातलं. इथून पुढे खून 'कसा' झाला ते येणार आहे, 'कुणी' केला ते नाही. चित्रपट कोरा बघायचा असेल तर इथेच थांबा.

भूल देण्याच्या बॉइल यंत्राला (आपल्याकडचे भूलतज्ज्ञही 'बॉइल्स'च म्हणतात) वायूंचे सिलिंडर लावलेले असत. नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजन आणि त्या काळी कार्बन डायऑक्साइडसुद्धा, कारण थोड्या प्रमाणात तो श्वासाला चालना देतो. कुठला सिलिंडर कशाचा, हे ओळखायचं रंगावरून. ब्रिटनमध्ये तेव्हा ऑक्सिजनचा काळा आणि वरचा भाग पांढरा, तर कार्बन डायऑक्साइडचा हिरवा असे. खुन्याने केलं एवढंच की हिरव्या सिलिंडरवर काळा-पांढरा रंग चढवला. विष नाही, सुरी नाही. जो डॉक्टर जीव वाचवायला धडपडतोय त्याच्याच हातून, त्याच्याच शिस्तीच्या जोरावर माणूस मारायचा. रंगाकडे बघून हात आपोआप वळतो, आणि तसा वळायलाच हवा, कारण टेबलावर विचार करत बसायला वेळ नसतो. या खुनातली खरी क्रूरता मला तिथे दिसते.

ऑक्सिजनचं ते काळं अंग आणि पांढरा गळा आपल्याला परके नाहीत. ब्रिटिश पद्धतीचे हेच रंग भारतात रूढ झाले. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये रिक्षात, गाडीच्या मागच्या सीटवर, इस्पितळांच्या दारात आपण तेच सिलिंडर बघत होतो. तेव्हा त्या पांढऱ्या गळ्यावर किती डोळे लागले होते! त्यानंतर हा चित्रपट पुन्हा बघितला तेव्हा ऑपरेशनचा प्रसंग मला सलग बघवला नाही.

केवळ रंगावर विसंबण्यातला धोका वैद्यकक्षेत्रालाही जाणवत होता, कारण सिलिंडरची अदलाबदल चुकूनही होऊ शकते. १९५०च्या दशकात यंत्रावर लावायच्या छोट्या सिलिंडरांसाठी खुंट्यांची पद्धत आली. यंत्राच्या पकडीवर दोन खुंट्या, सिलिंडरच्या तोंडावर दोन भोकं, आणि प्रत्येक वायूसाठी त्यांच्या जागा निराळ्या. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही, मग त्याला बाहेरून कुठलाही रंग फासा.