प्लाझ्मा पेशींचे अर्बुद आणि लिम्फोसाइटवरील प्रतिपिंड-ग्राही

बी-लिम्फोसाइट ही पांढरी रक्तपेशी आपले प्रतिपिंड (जंतूंना पकडणारे प्रथिन, अँटीबॉडी) पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे पकड घेणारा रेणू, म्हणून बाळगते. तीच पुढे प्लाझ्मा पेशी झाली की प्रतिपिंड रक्तात सोडू लागते. अशा एकाच पेशीचा वंश अनिर्बंध वाढला की मायलोमा किंवा प्लाझ्मासायटोमा हे अर्बुद (कर्करोग) होते आणि रक्तात एकाच साच्याचे प्रतिपिंड साचते. सोलापुरात यंत्रमागावर उभ्याने राबलेल्या साठीच्या माणसाची कंबरदुखी कामाच्याच खात्यावर मांडली जाते. हाडे पोखरणारा हा आजार त्यामुळे सहज नजरेआड राहू शकतो.

अर्बुदाचा परिणाम रक्तातल्या इतर लिम्फोसाइटवरही होतो. बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पोटात खनिज तेल टोचले की प्लाझ्मासायटोमा होतो, हे 1962 पासून माहीत आहे. 1970 च्या दशकात अशा उंदरांच्या रक्तातील अनेक लिम्फोसाइटवर अर्बुदाच्याच छापाचे प्रतिपिंड आढळले. ते आले कुठून, हा खरा वादाचा मुद्दा. या पेशी अर्बुदाच्याच वंशातल्या असतील, अर्बुदातून सुटलेल्या आरएनएमुळे (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूमुळे) त्या परका साचा विणू लागल्या असतील, किंवा रक्तातले प्रतिपिंड त्यांना नुसते चिकटले असेल.

सोलापूरकराला हा फरक चादरीवरून चटकन कळेल. जॅकार्डवर विणलेली नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, रंग तेवढे उलटतात, आणि धुतल्याने ती जात नाही. लिम्फोसाइटचीही अशीच धुलाई करतात: ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने पृष्ठभागावरील प्रतिपिंड काढून पेशी वाढवायला ठेवतात. ते पुन्हा उगवले तर पेशीचे स्वतःचे, नाहीतर उसने.

टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइटची गोष्ट निराळी. त्या प्रतिपिंड बनवत नाहीत, पण काहींवर प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारे एफसी ग्राही असतात. आयजीए हा प्रतिपिंडाचा एक प्रकार बनवणारे अर्बुद असलेल्या उंदरांत आयजीए पकडणाऱ्या टी-पेशी वाढतात. मायलोमाच्या रुग्णांतही असा मेळ दिसला आहे. शरीर अतिरेकी उत्पादनाला लगाम घालू पाहत असावे, असा एक तर्क आहे. तोटा मात्र नेहमीच्या प्रतिपिंडांना होतो: ती घटतात आणि रुग्णाला वरचेवर न्यूमोनिया होतो.

बी-पेशींच्या प्रतिपिंडात कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकाच प्रकारची हलकी साखळी असते. या साखळ्या रंगवून तपासण्याआधी प्रयोगशाळेत रक्तपेशी कोमट सलाइनने दोन-तीनदा धुतात. न धुता रंगवल्या, तर रक्तातल्या चिकटलेल्या प्रतिपिंडांमुळे एकाच पेशीवर दोन्ही रंग दिसू शकतात.