खोल ऊतकांतील रामन वर्णपटमिती

त्वचेखाली काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर खोल असलेली गाठ, कॅल्शियमचे कण किंवा अन्य विकृती छेद न घेता लेसर प्रकाशाने ओळखण्याची व तिची खोली काढण्याची पद्धत. पाया रामन परिणामाचा. चंद्रशेखर वेंकट रामन व के. एस. कृष्णन यांना तो १९२८ साली कोलकात्यात आढळला. विखुरलेल्या प्रकाशातला अत्यल्प भाग, ढोबळमानाने कोटीत एखादा प्रकाशकण, रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवघेव करून तरंगलांबी बदलतो. तरंगलांबीनुसार प्रकाशाची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, या बदलाची उंच टोके (शिखरे) म्हणजे त्या पदार्थाची ओळख.

अडचण प्रकीर्णनाची, म्हणजे प्रकाश विखुरण्याची आहे. दुधात टॉर्च धरावी तशी ऊतकात शिरलेल्या प्रकाशाची दिशा सुमारे मिलिमीटरभरातच हरवते आणि नेहमीच्या उपकरणाला वरचा थरच दिसतो. ब्रिटनमधील रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत पावेल माटूसेक व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर साधी युक्ती मांडली : लेसर एका जागी सोडायचा आणि प्रकाश काही मिलिमीटर बाजूला गोळा करायचा. खोलवर जाऊन आलेले प्रकाशकण बाजूलाही दूर सरकलेले असतात, त्यामुळे अंतर वाढवावे तसा खालच्या थराचा वाटा वाढतो. शून्य अंतरावरचा वर्णपट योग्य पटीने गुणून वजा केला की वरच्या थराची शिखरे नाहीशी होतात. (विमानतळावर बाटली न उघडता आतला द्रव तपासणारी काही यंत्रे याच तत्त्वावर चालतात.) याहून खोल जायचे तर लेसर एका बाजूने आणि संग्राहक समोरच्या बाजूला, अशी आरपार मांडणी करतात. स्तनातील कॅल्शियमच्या कणांसाठी ती सोयीची ठरते. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे (कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार) शिखर ९६० प्रति सेंमी.ला (हे रामन बदल मोजण्याचे एकक) येते, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे ९१२ च्या आसपास. ऑक्झलेट बहुधा निरुपद्रवी विकृतीत सापडते. हायड्रॉक्सिॲपेटाइट मात्र निरुपद्रवी विकृती व कर्करोग या दोन्हींत असल्याने एवढ्यावर निदान होत नाही.

मूळ संकेत फार क्षीण असल्यामुळे सोन्याच्या नॅनोकणांवर ठळक शिखरांचा खूणरेणू बसवून ते गाठीशी जोडण्याचा मार्गही आहे. २०१० मध्ये असे कण २५ मिमी. ऊतकातून ओळखता आले.

कण आहेत हे कळले, पण किती खोल? शिखराच्या उंचीवरून ते ठरवता येत नाही, कारण उथळ थोडे कण आणि खोल पुष्कळ कण सारखीच उंची देऊ शकतात. म्हणून दोन शिखरांचे गुणोत्तर घेतात. ८३० नॅनोमीटरच्या लेसरने १,००० प्रति सेंमी.चे शिखर सुमारे ९०५ नॅनोमीटरला पडते आणि १,६०० चे ९५७ ला. पाण्याचे शोषण दुसऱ्या ठिकाणी कित्येक पट जास्त असते, त्यामुळे प्रकाशाची वाट लांबेल तसे दुसरे शिखर अधिक झपाट्याने खुजे होते. ज्ञात खोलीवर कण ठेवून आधी मोजणी करतात; गुणोत्तराचा लॉगरिथम खोलीसमोर मांडला की जवळपास सरळ रेषा मिळते, आणि अज्ञात खोली तिच्यावरून वाचतात. आडवी जागा पृष्ठभागावर बिंदूबिंदूने फिरून ठरवतात. आरपार मांडणीत खोली संग्राहकाच्या बाजूने मोजली जाते. नोंद करताना हे विसरले की गाठ उलट्या बाजूला दाखवली जाते.

चुका बहुतेक याच गुणोत्तरात शिरतात. चरबीत पाणी कमी, स्नायूत जास्त. स्नायूवर काढलेली रेषा चरबीबहुल स्तनाला लावली तर गाठ आहे त्यापेक्षा उथळ भासते. प्रयोगासाठी आणलेले मांस उघड्यावर सुकले तरी तेच होते. संवेदकाचा प्रतिसाद प्रमाणित श्वेत दिव्याने दुरुस्त केला नसेल, तर ९५० नॅनोमीटरपुढे त्याची घटती क्षमता खोलीसारखी दिसते. पातळ सीसीडी चकतीत (प्रकाश टिपणारा संवेदक) याच पट्ट्यात व्यतिकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पडून होणाऱ्या, लहरीही उमटतात. मेलॅनिनची (त्वचेतील रंगद्रव्य) प्रतिदीप्ती, म्हणजे लेसरमुळे त्यातून निघणारा प्रकाश, आणि प्रयोगशाळेतला दिवा पार्श्वभूमी वाढवतात, म्हणून मोजणी अंधारात करतात.

शक्ती वाढवून सगळे सुटत नाही. ८३० नॅनोमीटरला दहा सेकंदांहून लांब प्रकाशनासाठी त्वचेची सुरक्षित मर्यादा सुमारे ०.३६ वॅट प्रति चौ. सेंमी. आहे. त्यामुळे ३०० मिलिवॅटचा झोत जवळजवळ एक चौ. सेंमी.वर पसरावा लागतो, किंवा वलयाच्या आकारात सोडून मध्यभागी प्रकाश गोळा करावा लागतो.