‘तीन दिवसांपूर्वी’ म्हणजे नक्की कधी?

एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा इतिहास ब्राउझरमध्ये उघडला की कोणी बदल केला, काय केला, कधी केला, अशी ओळीमागून ओळ दिसते. ‘कधी’च्या रकान्यात बहुतेक वेळा ‘तीन दिवसांपूर्वी’ असं काहीतरी असतं. वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. मलाही पुरायचं, त्या पानावरून आकडेवारी काढायची वेळ येईपर्यंत. कोणत्या आठवड्यात किती बदल झाले एवढंच हवं होतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पान उतरवून घ्यायचा, एचटीएमएलमधला तिसरा रकाना शोधायचा आणि आजच्या तारखेतून तीन दिवस वजा करायचा. काही महिने ठीक चाललं. मग कोणीतरी पानाची मांडणी बदलली, तिसऱ्या रकान्यात लेखकाचं नाव आलं आणि माझा प्रोग्रॅम कसलीही कुरकूर न करता दर आठवड्याला शून्य बदल मोजू लागला.

मांडणी बदलणाऱ्याची यात काहीच चूक नव्हती. पान डोळ्यांसाठी होतं, मी ते यंत्राला वाचायला लावलं होतं.

व्हर्जन कंट्रोल म्हणजे फाइल्समधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था. आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं गिट आणि त्याचं जुळं भावंड म्हणावं असं मर्क्युरिअल, दोघांचाही जन्म एप्रिल २००५मधला. लिनक्सचे प्रोग्रॅमर तोवर बिटकीपर नावाची व्यवस्था वापरत होते. तिचा फुकट वापर बंद झाला आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. मर्क्युरिअलही त्याच अडचणीतून निघालं. मर्क्युरी म्हणजे पारा, म्हणून त्याची आज्ञा पाऱ्याच्या रासायनिक चिन्हावरून ‘एचजी’ आणि त्याच्या सोबतच येणारं वेब पान म्हणजे ‘एचजीवेब’. गिटसाठी के सीवर्स यांनी पर्ल भाषेत ‘गिटवेब’ लिहिलं.

एचजीवेबची पानं टेम्प्लेटमधून तयार होतात. टेम्प्लेट म्हणजे साचा: इथे लेखकाचं नाव, इथे तारीख, इथे संदेश. म्हणजे साचा बदलला की त्याच माहितीचं वेगळं रूप बाहेर पडतं. मग एचटीएमएलऐवजी यंत्राला वाचता येईल असा साचा का नको? तसा साचा मर्क्युरिअलमध्ये आहे आणि त्यातून जेसन बाहेर पडतो. जेसन म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्या लिहिण्याची एक साधी पद्धत. एक नोंद साधारण अशी दिसेल (नावं आणि अंक इथे सोयीसाठी देवनागरीत; हॅश म्हणजे बदलातल्या माहितीवरूनच काढलेला त्याचा ओळख क्रमांक):

{ "हॅश": "७५०९८१२…", "लेखक": "…", "तारीख": [१७००००००००, -१९८००], "पॅरेंट": ["४१८२२०…"] }

साचा वापरून जेसन काढण्यात एक गंमत आहे. यादीतल्या दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम लागतो, पण शेवटच्या गोष्टीनंतर तो चालत नाही. चुकून राहिला तर काटेकोर वाचक अख्खी यादी नाकारतो. एचटीएमएलमध्ये असला एखादा घोळ ब्राउझर पोटात घालतो. जेसनमध्ये ती सोय नाही, आणि नाही तेच बरं.

पण स्वल्पविराम हा या कामातला सगळ्यात सोपा प्रश्न. अवघड आहे ते माहितीत नेमकं काय आहे हे ठरवणं.

तारखेचंच बघा. वरच्या नोंदीतला पहिला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सरलेले सेकंद. १७० कोटी सेकंद म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनुसार १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे २२ वाजून १३ मिनिटं २० सेकंद. ज्याने बदल केला त्याचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असेल, तर त्याच्या भिंतीवर तेव्हा १५ तारखेची पहाट होती, ३ वाजून ४३ मिनिटं. बदल कोणत्या दिवशी झाला? दोन्ही उत्तरं बरोबर. ‘हा माणूस पहाटे काम करतो’ हे कळायचं असेल, तर नुसता क्षण पुरत नाही, घड्याळातला फरकही जपावा लागतो. म्हणून तो दुसरा आकडा: १९,८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास.

आणि तो उणे का? मर्क्युरिअल ग्रीनिचच्या पश्चिमेकडचा फरक अधिक धरतं, पूर्वेकडचा उणे. गिट हीच गोष्ट ‘+०५३०’ अशी लिहितं. वस्तुस्थिती एकच, चिन्हं उलटी. दोन्ही व्यवस्थांवर चालणारं साधन लिहिणाऱ्याने हे पाहिलं नाही, तर त्याच्या तारखा अकरा तासांनी सरकतात. म्हणून बाहेर काय द्यायचं हे ठरवताना आतलं साठवण जसंच्या तसं ओतू नये असं माझं मत आहे. क्षण आणि फरक दोन्ही द्यावेत, पण चिन्हाचा अर्थ जग लावतं तसाच ठेवावा. ‘तीन दिवसांपूर्वी’ तर मुळीच देऊ नये. ते वाक्य तयार होतानाच शिळं व्हायला लागतं.

शिवाय ही तारीख लिहिणाऱ्याच्या यंत्राच्या घड्याळातून येते. घड्याळ चुकलेलं असेल, तर नंतरचा बदल आधीच्या बदलाच्याही आधीचा दिसू शकतो. खरा क्रम सांगतात ते पॅरेंट, म्हणजे हा बदल कोणत्या बदलावर रचला आहे ती नोंद. नेहमीच्या कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, एक पॅरेंट असतो, दोन फांद्या (ब्रांच) जोडणाऱ्या मर्जला दोन, आणि इतिहासातल्या पहिल्या कमिटला एकही नाही. गिटमध्ये दोनहून अधिकही चालतात. म्हणून पॅरेंट एकच असला तरी तो यादीतच द्यावा. एक असला की नुसतं मूल्य आणि दोन असले की यादी, असं करणारे लोक आहेत. त्यांची आठवण लोक रात्री उशिरा काढतात.

सगळ्यात जास्त घाम काढतात ती फाइलची नावं. आपल्याला वाटतं नाव म्हणजे अक्षरं. लिनक्ससारख्या व्यवस्थेच्या लेखी नाव म्हणजे बाइटची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालतं. ही माळ कोणत्या लिपीत वाचायची हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि गिट व मर्क्युरिअल दोघंही ती माळ तशीच जपून ठेवतात. जेसनचा २०१७चा मानक दस्तऐवज, आरएफसी ८२५९, मात्र सांगतो की देवाणघेवाणीतला मजकूर युटीएफ-८मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीत, असलाच पाहिजे.

नवीन नावांना त्रास नाही. ‘क’ हे अक्षर युटीएफ-८मध्ये तीन बाइटचं होतं आणि नियमात बसतं. (गिटची आज्ञा मुळात ज्या रूपात नाव छापते त्यात मात्र या ‘क’चं "\३४०\२४४\२२५" होतं. तेच तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. देवनागरी नावाची फाइल पहिल्यांदा गिटमध्ये टाकणारा प्रत्येक जण हे पाहून एकदा दचकतो.) अडचण जुन्या रिपॉझिटरींची, म्हणजे प्रकल्पांच्या इतिहासाच्या साठ्यांची. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी फ्रेंच नावाची फाइल टाकली आणि त्यातलं डोक्यावर तिरका फटकारा असलेलं ‘é’ हे अक्षर २३३ क्रमांकाच्या एकाच बाइटने लिहिलं. तेव्हाच्या लॅटिन-१ पद्धतीत ते बरोबर होतं. युटीएफ-८मध्ये तो बाइट एकटा उभा राहू शकत नाही.

आता काय करायचं? काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह टाकावं, तर पान दिसतं ठीक, पण अशा दोन वेगळ्या फाइल्सची नावं एकसारखी होऊ शकतात आणि ते नाव परत सर्व्हरला पाठवलं तर ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं. लॅटिन-१ असेल असा अंदाज बांधावा, तर तो कधीतरी चुकतोच. पायथॉन भाषेने २००९मध्ये एक युक्ती मान्य केली: न बसणारा प्रत्येक बाइट युनिकोडमधल्या एका राखीव, एरवी एकटा न येणाऱ्या चिन्हात लपवायचा आणि परतीच्या वाटेवर पुन्हा बाइट करायचा. मर्क्युरिअलही जेसन लिहिताना याच जातीची युक्ती वापरतं. माहितीचा कणही गळत नाही. पण असं एकटं चिन्ह दिसलं की काही वाचक जेसन नाकारतात, काही मुकाट बदलतात. कोण काय करील याचा भरवसा नाही, हे तो मानक दस्तऐवजही कबूल करतो.

मला पटलेला मार्ग जरा लांबचा आहे: नाव दोनदा द्यायचं. एक दाखवण्यासाठी, त्यात प्रश्नचिन्हं आली तरी चालतील. दुसरं परत पाठवण्यासाठी, मूळ बाइट साध्या अक्षरांत गुंडाळलेलं. जागा थोडी जास्त जाते. वाचणाऱ्याला मात्र कोणतं नाव कशासाठी आहे हे कळतं.

ओळख क्रमांकाचंही असंच. मर्क्युरिअल प्रत्येक बदलाला ०, १, २ असा सुटसुटीत अनुक्रमांक देतं, पण तो त्या प्रतीपुरता. तुमचा ५१२ आणि माझा ५१२ एकच असेल असं नाही. सगळीकडे सारखा राहतो तो हॅश, सोळामान पद्धतीतले ४० अंक. बोलताना त्याचे पहिले काही अंक पुरतात: मर्क्युरिअल १२ दाखवतं, गिट लहान प्रकल्पात ७. सोळामान पद्धतीत ० ते ९ आणि सहा रोमन अक्षरं असतात. सातही जागी अक्षराऐवजी अंकच यायची शक्यता १०/१६चा सातवा घात, म्हणजे सुमारे ३.७ टक्के. दर २७ छोट्या हॅशमधला एक निव्वळ आकड्यासारखा दिसतो. अवतरणचिन्हं विसरली की असा हॅश कोणीतरी संख्या म्हणून वाचतो आणि त्याच्या सुरुवातीचं शून्य खातो. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणीतले पाच-सहा हॅश नेमके अक्षरंवाले निघतात.

खऱ्या संख्याही बिनधोक नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या आकड्याच्या पुढे लागोपाठच्या पूर्णांकांतला फरक पुसला जातो. ट्विटरचे संदेश क्रमांक मोठे होऊ लागले तेव्हा, २०१०मध्ये, त्यांनी तोच क्रमांक मजकूर म्हणून वेगळ्या नावाने द्यायला सुरुवात केली.

हॅशची लांबी ४०च राहील असंही गृहीत धरू नये. तो ज्या शा-१ पद्धतीने निघतो, तिच्यात दोन वेगळ्या फाइल्सना एकच हॅश पाडून दाखवण्याचं काम ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने फेब्रुवारी २०१७मध्ये केलं. २०२०पासून गिटमध्ये ६४ अंकांच्या हॅशचा पर्याय आहे. ज्यांनी आपल्या डेटाबेसमध्ये बरोबर ४० अक्षरांचा रकाना आखला होता, त्यांना तो पुन्हा आखावा लागणार.

हॅशचा एक फायदा मात्र घसघशीत आहे. पत्त्यात पूर्ण हॅश असेल, तर त्यामागचा बदल कधीच बदलत नाही, कारण बदलला तर हॅशच वेगळा होईल. असं उत्तर ब्राउझरने खुशाल वर्षभर जपून ठेवावं. पण त्याच उत्तरात ‘हा बदल सध्या कोणत्या ब्रांचच्या टोकाला आहे’ हे घातलं की ती मुभा गेली. कायमचं आणि आजपुरतं, दोन्ही एकाच ताटात वाढू नये.

मग उरतात नावं: प्रत्येक रकान्याला काय म्हणायचं. हे काम लोक घाईत उरकतात, कारण बदलणं सोपं वाटतं. ते सोपं असतं फक्त पहिल्या वापरकर्त्यापर्यंत. वेबच्या प्रोटोकॉलमध्ये, तुम्ही कोणत्या पानावरून आलात हे सांगणारं एक हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) आहे, ‘रेफरर’. त्याचं इंग्रजी स्पेलिंग लिहिताना एक ‘आर’ गळाला आणि १९९६च्या आरएफसी १९४५मध्ये ते तसंच छापलं गेलं. आजही ब्राउझर त्याच चुकीच्या स्पेलिंगने ते पाठवतो. ही माहिती किती उघड करायची हे ठरवणारं दुसरं हेडर पुष्कळ नंतर आलं, त्यात मात्र तो ‘आर’ जागेवर आहे.