तुम्हाला नाही कळायचं ते : शुभंकर, माजी सैनिक आणि स्वमदत गटांची पार्श्वभूमी

“तुम्हाला नाही कळायचं ते.” हे वाक्य दोन प्रकारच्या घरांत हमखास ऐकू येतं. एका घरात आजी दर दहा मिनिटांनी विचारते, “हे अजून आले नाहीत का?” ‘हे’ जाऊन बारा वर्षं झालेली असतात. खरं सांगावं तर आजी नव्याने रडायला लागते, खोटं सांगावं तर सुनेलाच खात राहतं. त्यात दोन दिवसांसाठी आलेली नणंद म्हणते, “माझ्याशी तर किती छान बोलली की!” दुसऱ्या घरात फौजेतून उतरलेला माणूस रात्री तीन वाजता अंगणात फेऱ्या मारतो. का म्हणून विचारलं तर ‘झोप नाही’, एवढंच उत्तर. सून आणि फौजी दोघंही गप्प असतात, कारण सांगून काही उपयोग नाही हे त्यांनी कधीच ताडलेलं असतं. पण त्यांच्यासारखंच कुणी समोर येऊन बसलं तर तासभर थांबत नाहीत.

समदुःखी माणसांच्या या बसण्या-बोलण्याला आता रीतसर नाव मिळालं आहे. मराठीत आपण स्वमदत गट म्हणतो, कागदोपत्री ‘पीअर सपोर्ट’ असतं. ही डॉक्टरांनी काढलेली उपचारपद्धती आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात डॉक्टरांना काही सुचत नव्हतं किंवा पटत नव्हतं तेव्हा लोक आपले आपण जमले, डॉक्टर मागाहून आले.

सैनिकांची गोष्ट जुनी आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून परतणारी माणसं थरथरत होती, मुकी होत होती. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ हा शब्द छापील वैद्यकात आणला. वरिष्ठांपैकी अनेकांना मात्र तो भित्रेपणाचाच नवा बहाणा वाटत होता. युद्ध संपताच सैनिकांनी आपापल्या संघटना बांधल्या, १९१९ मध्ये अमेरिकन लीजन, १९२१ मध्ये ब्रिटिश लीजन. आपल्याकडे १९१७ साली अपंग हिंदी सैनिकांसाठी मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक संस्था सुरू झाली आणि पुढे ती खडकीला गेली. पेन्शन, नोकरी, हातापायांचं काम यासाठी या साऱ्यांची मोठीच मदत झाली. मनातलं मात्र संध्याकाळी लीजनच्या क्लबात ग्लास पुढ्यात घेऊन निघालं तर निघालं.

ते उघडपणे बोलायला लागले व्हिएतनामहून परतलेले. बोस्टनच्या माजी सैनिक रुग्णालयात सारा हेली नावाची तरुण समाजसेविका १९६९ साली रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर एक माणूस आला. त्याच्या तुकडीने एका गावात कत्तल केली होती, तो स्वतः त्यात सामील झाला नव्हता, आणि आता साथीदार आपल्याला मारतील अशी त्याला धास्ती होती. दुपारच्या बैठकीत सहकाऱ्यांनी त्याच्यावर वेडाचा शिक्का मारला, कारण त्याने सांगितलेलं खरं असू शकतं हेच कुणाला सुचलं नाही. हेलीला मात्र ते खरं वाटलं. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले होते, असल्या गोष्टी तिने घरात ऐकल्या होत्या.

हे एकट्या बोस्टनचं नव्हतं. युद्धविरोधी माजी सैनिकांच्या न्यूयॉर्कमधल्या संघटनेत १९७० च्या अखेरीस पोरं आठवड्याला जमून बोलत बसू लागली. त्यांनी त्याला ‘रॅप ग्रुप’ म्हटलं. गाण्यातला रॅप नव्हे, त्यांच्या बोलीत रॅप म्हणजे गप्पा. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी बोलावलं, पण तपासायला नव्हे. डॉक्टरांनीही सगळ्यांसारखं वर्तुळात बसायचं, त्यांनाही प्रश्न विचारले जाणार, असा मामला होता. लिफ्टन यांनी पुढे या गटांविषयी जे लिहिलं त्याचा गाभा असा : ज्यांनी सोसलं त्यांनी एकत्र यायचं, आणि गरज ज्याची, सुरुवातही त्यानेच करायची. मला स्वतःला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आजच्या योजनांमध्ये पहिला असतो, दुसरा बहुधा गायब असतो.

शातान यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये ‘व्हिएतनामोत्तर लक्षणसमूहा’वर लेख लिहिला. या गटांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी रेटा लावल्यावर १९८० साली अमेरिकन मनोविकारांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात रेंगाळणारा त्रास, हे निदान दाखल झालं. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, माजी सैनिकांच्या समुपदेशनासाठी ‘व्हेट सेंटर’चा कायदा झाला होता. ही केंद्रं मुद्दाम रुग्णालयाच्या आवाराबाहेर, बाजारपेठेतल्या गाळ्यांत थाटली गेली आणि तिथे समोर बसणारा समुपदेशकही बऱ्याचदा माजी सैनिकच असे.

हे १९७९ साल लक्षात ठेवावं, कारण दुसरी, विसरणाऱ्या आजीच्या घराची, गोष्टही तिथेच येऊन मिळते.

स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या अल्झायमर या आजाराच्या पहिल्या रुग्णाची, आउगुस्टे डेटर या बाईची, कथा पुष्कळांना ठाऊक असते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ती आली तेव्हा तिचं वय ५१ होतं. तिला आणणारा नवरा रेल्वेत कारकून होता आणि घरी सांभाळणं त्याच्या हाताबाहेर गेलं होतं. आजाराच्या इतिहासात तो एका ओळीपुरता येतो आणि नाहीसा होतो. पुढची सत्तर वर्षं त्याच्यासारख्या सगळ्यांचं तेच झालं. अल्झायमर हा पन्नाशी-साठीतल्या थोड्या लोकांना होणारा दुर्मीळ आजार आणि म्हातारपणी विसरणं म्हणजे नुसतं म्हातारपण, अशी वाटणी वैद्यकानेच केली होती. आपल्याकडे तर म्हण तयारच होती : साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ म्हटलं की विषय संपला. जो आजारच नाही, त्याच्या सेवेकऱ्याला थकण्याचा हक्क कुठून असणार?

न्यूयॉर्कचे रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली एका छोट्या संपादकीयात ही भिंत पाडली. दोन्ही आजार एकच आहेत आणि तो मोठा मारेकरी आहे, असं त्यांनी लिहिलं. तोवर निरनिराळ्या गावांत नवरे, बायका, मुली चर्चच्या खोल्यांत किंवा कुणाच्या दिवाणखान्यात जमू लागल्याच होत्या. जेरोम स्टोन या शिकागोच्या उद्योजकाच्या पत्नीला १९७० मध्ये निदान झालं होतं. त्याच्या पुढाकाराने १९७९-८० मध्ये असे विखुरलेले गट एकत्र येऊन आजची अल्झायमर्स असोसिएशन उभी राहिली. ब्रिटनची अल्झायमर्स सोसायटीही १९७९ चीच, आणि तीही सांभाळणाऱ्या घरच्यांनीच काढलेली. ऑक्टोबर १९८० मध्ये अमेरिकेतल्या ‘डिअर अ‍ॅबी’ या सल्ल्याच्या सदरात एका हताश बाईचं पत्र छापून आलं आणि उत्तरात या नव्या संस्थेचा पत्ता दिला गेला. हजारो पत्रं आली. बहुतेक घरांना आपण एकटेच आहोत असं वाटत होतं, हे त्या टपालाने पहिल्यांदा दाखवलं.

मग पसारा वाढला. जागतिक संघटना १९८४ ची, भारतातली ‘आर्डसी’ ही स्मृतिभ्रंशासाठीची संस्था १९९२ मध्ये केरळात निघाली. पण या काळातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हॉलंडमधला आहे. लायडनचे मानसशास्त्रज्ञ बेर मीसेन यांच्या लक्षात आलं की नवराबायकोसुद्धा या आजाराचं नाव एकमेकांसमोर काढत नाहीत. १९९७ मध्ये त्यांनी ‘अल्झायमर कॅफे’ सुरू केला. आधी अर्धा तास कॉफी, मग अर्धा तास एखादं भाषण किंवा मुलाखत, मग मध्यंतर आणि संगीत, मग प्रश्नोत्तरं, शेवटी पुन्हा गप्पा. रुग्ण आणि सांभाळणारे एकाच टेबलाशी. रुग्णाला बाहेर बसवून त्याच्याविषयी आत बोलायचं, हा रिवाज त्यांनी मोडला.

मराठीत या साऱ्याला फार चांगले शब्द मिळाले. पुण्या-ठाण्याच्या मानसिक आरोग्याच्या वर्तुळात ‘रुग्ण’ आणि ‘केअरगिव्हर’ऐवजी ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ म्हणतात. स्किझोफ्रेनियासाठी काम करणाऱ्या पुण्याच्या ‘सा’ या संस्थेने आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाने ते रुळवले. मुक्तांगण या पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गट आहे, त्याचंही नातं इथेच. अशा गटात काय चालतं? मोठं तत्त्वज्ञान नसतं. एकीचे सासरे सारखे दार उघडून बाहेर पडतात, तर दुसरी सांगते, “दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा लावा, त्यांना दार दिसणारच नाही.” एक काका कबूल करतात की काल त्यांनी बायकोवर हात उगारला. कुणी दचकत नाही. शेजारचा नुसता म्हणतो, “माझं पण झालंय.” घरी हे वाक्य म्हणणारा कोणी नसतो.

आपल्या माजी सैनिकांचं चित्र मात्र वेगळं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगाव त्यांच्या संघटना आहेत, जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचा ४ फेब्रुवारीचा दिवस आहे. जमायचं निमित्त पेन्शन, कॅन्टीन, हयातीचा दाखला, नाहीतर २०१५ सारखं ‘वन रँक वन पेन्शन’चं आंदोलन. मनाचं बोलायला म्हणून कुणी जमत नाही, आणि तसा फलक लावला तर येणारे थोडेच. पण कॅन्टीनच्या रांगेत ‘तू कुठल्या पलटणीत?’ यापासून सुरू होऊन गोष्ट कुठवर जाते, हे त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

आता हिशेबाचा भाग, कारण कौतुकाने संशोधन होत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांवर केलेल्या अभ्यासात वैयक्तिक आणि कौटुंबिक समुपदेशन, आधारगट आणि गरजेला फोन एवढं दिलं. त्यामुळे जोडीदाराला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ साधारणपणे ५५७ दिवस लांबली, असं २००६ मध्ये जाहीर झालं. या परिणामातला ६१ टक्के वाटा तीन गोष्टींचा होता : आपल्यामागे माणसं आहेत हे समाधान, रुग्णाच्या वागण्याने कमी चिडणं आणि कमी झालेली उदासी.

उलट बाजूही आहे. इंग्लंडमध्ये २३६ शुभंकरांच्या चाचणीत निम्म्यांना प्रशिक्षित स्वयंसेवकाची सोबत देऊ केली गेली. २००८ च्या निष्कर्षात उदासीत फरक दिसला नाही, आणि ज्यांना सोबत देऊ केली त्या सगळ्यांनी ती घेतलीही नाही. पुढे अनुभवी शुभंकराने नव्याला आधार देण्याचा प्रयोग झाला, तोही मोजपट्टीवर उतरला नाही. माझा अंदाज असा, की रोज चौदा तास अडकलेल्या बाईला कोणी एक तास बोलायला आलं तर तिला त्या वेळात झोपावंसं वाटेल. सोबत हा सुट्टीला पर्याय नाही. खर्च वाचतो म्हणून सरकारं जेव्हा स्वमदत गटांची भलामण करतात, तेव्हा हे विसरतात.

गोव्यात त्याच सुमाराला झालेली चाचणी म्हणूनच वाचण्यासारखी आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबं घेतली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून पंधरवड्यातून निदान एकदा घरी पाठवलं. आजार समजावणं, वागणं कसं हाताळायचं ते दाखवणं, डॉक्टर गाठून देणं, सरकारी योजनांची माहिती, आणि कुटुंबांची एकमेकांशी गाठ. सहा महिन्यांत शुभंकरांचं मानसिक आरोग्य सुधारलं. नुसती सोबत नव्हती ती, हाताला धरून केलेली मदत होती.

सैनिक आणि शुभंकर या दोन वाटा शेवटी एकाच घरात येऊन मिळतात. अमेरिकेतल्या १ लाख ८१ हजार माजी सैनिकांच्या नोंदी क्रिस्टीन याफी यांनी तपासल्या. सात वर्षांत पीटीएसडी असलेल्यांपैकी १०.६ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला, नसलेल्यांत ६.६ टक्क्यांना. म्हणजे ज्या बायकोने तीस वर्षं रात्रीच्या किंकाळ्या ऐकल्या, तिच्याच वाट्याला पुढे हेही येण्याची शक्यता अधिक. अमेरिकेने २०१० मध्ये माजी सैनिकांना सांभाळणाऱ्यांसाठी कायदा केला, २०१२ मध्ये ८०० माजी सैनिकांना पीअर कार्यकर्ते म्हणून नेमायचा आदेश निघाला. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या कुटुंबांसाठी ‘अ‍ॅडमिरल नर्स’ असतात. नावावरून आरमार आठवतं, पण ते आलं जोसेफ लेव्ही या नौकाविहाराच्या शौकीन रुग्णाच्या ‘अ‍ॅडमिरल जो’ या टोपणनावावरून. गंमत अशी की पुढे ब्रिटिश लीजननेच सैनिकांच्या घरांसाठी त्या नर्स नेमल्या.

भारतात साठीवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अलीकडचा अंदाज आहे. गट मूठभर, तेही शहरांत, आणि जायचं तर माणसाला घरी कुणाच्या भरवशावर सोडायचं? २०२० च्या टाळेबंदीत सभा मोबाइलवर आल्या, तेव्हा कधीच न येऊ शकलेली माणसंही त्यात सामील होऊ शकली. कॅमेरा बंद, आवाज बारीक. मधेच मागून हाक येते, “कोण आलंय गं?” ती म्हणते, “एक मिनिट हं,” आणि बाकीचे थांबतात.