सहकारी व कृतिशील अध्ययनाची अभ्यासक्रमरचना

विद्यार्थ्यांनी स्वतः करून, बोलून आणि एकमेकांच्या मदतीने शिकावे, अशा बेताने शालेय अभ्यासक्रमातील उद्दिष्टे, आशय, वेळ व मूल्यमापन यांची केलेली आखणी. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेली प्रयोगशील शाळा आणि विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये मांडलेली प्रकल्प पद्धत, ही या विचाराची आरंभीची रूपे.

बाके जोडून चार मुले समोरासमोर बसवली, की सहकार्य आपोआप सुरू होत नाही. एकजण सगळे काम उरकतो आणि बाकीचे वहीत उतरवून घेतात. म्हणूनच डेव्हिड व रॉजर जॉन्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बंधूंनी परस्परावलंबन आणि प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी या दोन अटींवर विशेष भर दिला. दोन्ही अटी कामाच्या रचनेतच कशा मुरवता येतात, हे मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांच्या ‘जिगसॉ’ (तुकडे जुळवण्याचे कोडे) पद्धतीत फार सुंदर दिसते. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात वांशिक विभाजन संपून कृष्णवर्णीय, गोरी व मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि वर्गांत तणाव वाढला. अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. उरलेला धडा सोबत्यांकडूनच कळणार होता. ज्याला आजवर हिणवले, त्याचेही नीट ऐकणे भाग पडले.

कामही एकट्याने चटकन उरकणारे नसावे. सावलीवरून झाडाची उंची काढायला पाच गटांना सांगितले, तर पाच उत्तरे सहसा जुळत नाहीत. ती का जुळली नाहीत, या वादातच मापन, प्रमाण आणि त्रुटी मुलांना खऱ्या अर्थाने भेटतात. पण त्या वादाला वेळ लागतो. आशय कमी न करता गटकार्याची भर घालणारा अभ्यासक्रम शिक्षकावर अन्याय करतो.

शिक्षकाचे समजावून सांगणे यात बाद होत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये असे मांडले, की अपुऱ्या मार्गदर्शनात नवशिक्याच्या कार्यस्मृतीवर, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती मनात धरून ठेवण्याच्या मर्यादित क्षमतेवर, ताण पडतो. त्यामुळे नव्या संकल्पनेची ओळख आणि सोडवलेली उदाहरणे आधी, मोकळा शोध नंतर, हा क्रम हिताचा.

सर्वांत नाजूक भाग मूल्यमापनाचा. वर्षअखेरची प्रश्नपत्रिका केवळ पाठांतर तपासत असेल, तर वर्ग काही आठवड्यांतच पुन्हा उत्तरे लिहून देण्याकडे वळतो. गटाला सरसकट एकच गुण दिल्यास मेहनती मूल दुखावते. गटाच्या कामानंतर प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर लिहावे किंवा गटातील कोणालाही उभे करून गटाची रीत समजावून सांगायला लावावी, हे उपाय त्यासाठीच योजतात.