गोमंतकातील जुनी चर्चे व घरे (वास्तुशैली)

पोर्तुगीज अमलात (१५१०–१९६१) गोव्यात बांधलेल्या चर्चची व निवासी घरांची वास्तुपरंपरा. जुने गोवे येथील चर्चे व मठ यांचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

शैलीच्या मुळाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ती युरोपातून आयात झाली. संत फ्रान्सिस असिसी चर्चचे मान्युएल शैलीतील (पोर्तुगालमधील अलंकृत उत्तर-गॉथिक शैली) प्रवेशद्वार सोळाव्या शतकातील मूळ इमारतीचे असून १६६१ च्या पुनर्बांधणीत ते राखले गेले. संत काजेतान चर्चचा आराखडा रोमच्या सेंट पीटर चर्चवरून घेतलेला आहे. दुसऱ्या मतानुसार आराखडा बाहेरचा असला, तरी दगड, चुना आणि कारागीर इथले असल्याने घडलेली वस्तू गोमंतकीयच म्हणावी. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कवळे येथील शांतादुर्गा मंदिरात (अठरावे शतक) घुमट व कमानदार खिडक्या ज्या सहजतेने आल्या आहेत, त्यावरून ही वास्तुभाषा स्थानिक गवंड्यांच्या अंगवळणी पडली होती असे दिसते.

मुख्य बांधकाम जांभ्याचे. हा दगड खाणीत मऊ असतो, हवा लागल्यावर टणक होतो. पण सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो आणि त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून भिंतींना चुन्याचा गिलावा करीत. बॉम जेझुस बॅसिलिकेच्या (प्रारंभ १५९४, अभिषेक १६०५) दर्शनी भागातील स्तंभ व नक्षीसाठी बेसाल्ट वापरला असून तो वसईहून आणल्याचे सांगतात. या वास्तूच्या निदान बाजूच्या भिंतींवर गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. आज तिचा तांबूस दगडी चेहरा प्राचीनतेची खूण समजला जातो, वस्तुतः ते रूप विसाव्या शतकातले आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघडा जांभा झिजत जातो. गिलावा पुन्हा करावा ही मागणी त्यामुळे रास्त आहे; गिलावा हा या बांधणीचा अलंकार नसून तिचे कातडे होते.

आज उभी असलेली मोठी घरे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील. हिंदू घर राजांगणाभोवती (घराच्या मधले उघडे अंगण), आत वळलेले. ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करून. प्रवेशापुढील छपराच्या ओट्यास बाल्कांव व त्यातील बांधीव बाकांना सोपो म्हणतात. बाल्कांव पोर्तुगीज की कोकणी ओसरीचाच विस्तार, हे निश्चित करणे कठीण आहे. नाव पोर्तुगीज असले तरी पावसाळी उपयोग ओसरीचाच आहे. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचे घर प्रसिद्ध आहे.

काच सुलभ होण्यापूर्वी खिडक्यांच्या लाकडी चौकटींत चपट्या शिंपल्यांची तावदाने बसवीत. शिंपल्याच्या कडा तासून त्याचे चौकोनी तुकडे करीत व ते पट्ट्यांच्या खाचांत सरकवीत. त्यांतून पाऊस अडतो व दुधाळ उजेड आत येतो. चर्च आणि घर या दोहोंत ती आढळतात.