धरणाकाठच्या शेतातील माती : तपासणीला देण्याआधी

खडकवासला, पानशेत, वरसगावच्या काठी ज्यांची जमीन आहे, त्यांच्या शेतातून वाहून गेलेले पावसाचे पाणी धरणात उतरते आणि धरणातले पाणी पुणे पिते. म्हणून या मातीची तपासणी आम्ही प्रयोगशाळेत विशेष जपून करतो.

नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळते. कीटकनाशकांचे अवशेष त्यात दिसत नाहीत. त्यासाठी वेगळे यंत्र लागते, खर्चही जास्त येतो. तेव्हा नक्की काय शोधायचे, हे आधी बोलून ठरवू.

शेतीत डीडीटीला १९८९ पासून, बीएचसी पावडरीला १९९७ पासून आणि एंडोसल्फानला २०११ पासून बंदी आहे. तरीही वडिलांच्या काळात धुरळलेली पावडर आज सापडू शकते. मातीतले डीडीटी निम्मे व्हायलाच २ ते १५ वर्षे लागतात. ते हळूहळू डीडीई बनते. अहवालात डीडीई जास्त असेल, तर साठा बहुधा जुना. डीडीटीच जास्त निघाले, तर आम्ही पहिल्यांदा विचारतो : लाल कोळीसाठी डायकोफॉल मारले होते का? ते डीडीटीपासूनच बनते आणि थोडे डीडीटी त्यात राहून जाते.

मातीत अशी रसायने येण्याचा दुसरा मार्ग धुराचा. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना पीएएच गटातली (अर्धवट जळण्यातून होणारी) रसायने तयार होतात. पानशेत रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरातूनही ती येतात. फ्लुओरँथीन आणि पायरीन ही या गटातलीच दोन रसायने. लाकूड-गवताच्या धुरात साधारणपणे फ्लुओरँथीन पायरीनपेक्षा जास्त असते, गाड्यांच्या इंधनाच्या धुरात कमी. एवढ्या एका खुणेवर मात्र आम्ही निष्कर्ष काढत नाही. राब भाजणे सोडा असे आमचे म्हणणे नाही, पण त्यात टायर, खताच्या गोण्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे कृपया टाकू नका. पीव्हीसी जळताना डायॉक्झिन हे विषारी रसायन तयार होते.

डीडीटी, पीएएच पाण्यात फारसे विरघळत नाहीत. मातीच्या कणांना चिकटतात आणि गाळाबरोबर धरणात जातात. त्यामुळे माती अडवली की हेही बरेचसे अडते : बांध धरून ठेवा, नांगरट उताराला आडवी करा, पाण्याकडच्या कडेला गवताचा पट्टा राहू द्या. ॲट्राझिनसारखे तणनाशक मात्र पाण्याबरोबर खाली झिरपते. ते वापरत असाल तर विहिरीचे पाणीही तपासा.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, कारण प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स ही रसायने मातीत उतरतात. स्टीलच्या खुरपीने, वरच्या १५ सेंटिमीटरमधून, शेतात नागमोडी फिरत माती घ्या. रुंद तोंडाची काचेची बरणी आम्ही देतो. ती बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा आणि फवारलेल्या औषधांची रिकामी पाकिटे असतील तर त्यांचे फोटो सोबत आणा.